वावरातले दगड, बिरबल साहनी आणि साडेसहा कोटी वर्षांआधीची झाडं

वावरातला_मास्तर

मंडळी, इथं बोंडअळी, संत्र्याची गळ, तुरीवरचा मर यावर ढीगभर धागे आहेत पण झाडांच्या इतिहासावर एकही दिसला नाही म्हणून हा काढतोय. लांब आहे, सवडीनं वाचा.

आपली काळी जमीन ज्या काळ्या पाषाणापासून झाली तो गोठलेला लाव्हा आहे हे शाळेत सगळेच शिकतात. पण तो लाव्हा एका दमात आलेला नाही. एक थर आला, थंडावला, मग बराच काळ शांतता. त्या काळात खोलगट जागी तळी झाली, काठानं झाडं वाढली, त्यांची पानं फळं बिया लाकूड गाळात पडलं. पाण्यात सिलिका विरघळलेली होती ती झाडांच्या पेशींत शिरून तिथंच घट्ट झाली, अन् वरून पुढचा लाव्हा आला. या दोन लाव्ह्यांच्या मधल्या थराला इंटरट्रॅपियन म्हणतात. नागपूरजवळच्या टाकळीला हे थर हिस्लॉप अन् हंटर या दोन मिशनऱ्यांनी पाहून 1855 मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत त्यावर पेपर छापला होता. हिस्लॉप कॉलेजवाला हिस्लॉप तो हाच.

पण त्या दगडातल्या झाडांना नीट कोणी वाचलं असेल तर ते बिरबल साहनींनी. माणूस पंजाबातल्या भेऱ्याचा, जन्म 1891, लाहोरला शिकले, केंब्रिजला सेवर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाताखाली काम केलं, 1921 पासून लखनौ विद्यापीठात. 1936 ला रॉयल सोसायटीचे फेलो झाले. लोक त्यांना 'जीवाश्मवाले' म्हणून ओळखतात, मला ते अपुरं वाटतं. ते आधी जिवंत झाडांच्या रचनेचे अभ्यासक होते. नेचे, टॅक्सस, न्यू कॅलेडोनियातलं अक्मोपायल नावाचं सूचिपर्णी झाड, यांच्या खोडाचे अन् बीजांचे काप काढून त्यांनी सुरुवातीचे पेपर लिहिले. 1920 च्या अक्मोपायलवरच्या पेपरातच त्यांनी म्हटलं की अनावृतबीजी (बी फळात झाकलेली नसते अशा) झाडांचे दोन मोठे गट पडतात, एकात बी पानाशी संबंधित असते आणि दुसऱ्यात थेट खोडाशी. जिवंत झाडाचा काप हजारदा पाहिलेला डोळा होता म्हणून दगडातला काप त्यांना वाचता आला.

माझं म्हणणं एवढंच आहे की अश्मीभूत झाड बाहेरून ओळखता येत नाही, आत पाहावं लागतं. साल, रंग, आकार, सगळं फसवं. दगड कापायचा, एक बाजू गुळगुळीत करून काचेवर चिकटवायची, दुसरी बाजू कार्बोरंडमच्या पुडीवर घासत जायची, उजेड आरपार जाईल इतका पातळ होईपर्यंत. मग मायक्रोस्कोपखाली एकेक पेशी दिसते. साहनींच्या पेपरांत याच कापांचे फोटो आहेत, अन् ते पाहताना विसरायला होतं की हा दगड आहे.

1930 च्या दशकात ते अन् त्यांचे सहकारी आपल्या शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्याकडे वळले, तेव्हा तो भाग अन् आपला विदर्भ एकाच मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. मोहगाव कलां अन् सौंसरच्या आसपासच्या चर्ट नावाच्या गारगोटीसारख्या दगडातून त्यांनी पाण्यातली नेची, ताडकुळातली खोडं, फळं अशी एक आख्खी वनस्पतीसृष्टी बाहेर काढली. एनिग्मोकार्पॉन पारिजाय नावाचं एक फळ तर त्यांनी इतकं बारकाईनं तपासलं की आतले कप्पे, बिया, बियांची आवरणं सगळं त्यात आहे, अन् त्यावरून ते लिथ्रेसी कुळाजवळचं ठरवलं. लिथ्रेसी म्हणजे आपली मेंदी, धायटी, तामण यांचं कुळ.

तुमच्याकडं असे दगड कोणी पाहिलेत का? अन् साहनींचं काही वाचलं असेल तर लिहा.

धुरेकरी_समुद्रपूर

मास्तर लय भारी लिहिलं. आमच्या नाल्याकडच्या वावरात नांगरटीले असे दगड निंगतात, लाकडासारखेच दिसतात पण वजन दगडाचं. आमचा बुढा त्याईले धुऱ्यावर टाकत जाये, आता मीबी तेच करून रायलो. काही दगडाईवर आडवं तुटलं की बारीक बारीक टिपके दिसते, सगळीकडं सारखे पसरेल. काहीवर टिपके नाई, रेघा दिसते. हे काय हाय मंग? गावात एक जण येते अन् टिपक्याचे दगड किलोवर घेऊन जाते.

वावरातला_मास्तर

धुरेकरी भाऊ, टिपकेवाले बहुतेक ताडकुळातले असावेत. ज्वारीचा धांडा विळ्यानं आडवा कापून पाहा अन् पऱ्हाटीचं बुड आडवं कापून पाहा. धांड्यात पाणी वाहणाऱ्या नळ्यांचे जुडगे भुशात इकडंतिकडं विखुरलेले असतात, पऱ्हाटीत मधून बाहेर लाकडाचा गोल असतो अन् त्यात केंद्राकडून निघालेल्या बारीक रेघा. एकदल अन् द्विदल खोडातला हा फरक साडेसहा कोटी वर्षांआधीही असाच होता. ताड, सिंदी, नारळ हे एकदल, म्हणून टिपके. अशा लाकडाला पामोक्सिलॉन म्हणतात, अन् नारळासारखी रचना असलेल्या अशाच एका खोडावर साहनींनी 1946 मध्ये पामोक्सिलॉन सुंदरम या नावानं पेपर लिहिला. त्यात जुडगे बाहेरच्या बाजूला किती दाट, आत किती विरळ, प्रत्येक जुडग्यावर तंतूंची टोपी केवढी, हे सगळं मोजलेलं आहे.

अन् कृपा करून विकू नका भाऊ. दगड कुठल्या वावरातून, किती खोलीवरून, कुठल्या थरातून निघाला हे एकदा हरवलं की तो फक्त शोभेचा तुकडा उरतो.

रामटेकची_पोर

सर मी एमएस्सी बॉटनी करतेय, आम्हाला पॅलिओबॉटनीच्या (पुरावनस्पतीशास्त्राच्या) पेपरात साहनी म्हणजे फक्त पेंटोझायलॉन नावाचं जीवाश्म झाड शिकवलं, आकृती काढा अन् मार्क घ्या. पण मूळ पेपर वाचला तेव्हा कळलं काय केलंय त्यांनी. 1948 चा आहे. राजमहाल टेकड्यांत, आताचं झारखंड, निपानिया नावाच्या गावचे दगड. खोडाच्या कापात एका मोठ्या गोलाऐवजी बहुतेक पाच वेगवेगळे लाकडी गट दिसतात, अन् प्रत्येकाला स्वतःचं कँबियम (लाकूड वाढवणारा थर), म्हणजे एका खोडात पाच खोडं वाढल्यासारखी. खोडाला एक नाव, पानाला दुसरं निपानिओफायलम, बियांच्या कोनाला तिसरं कार्नोकोनाइट्स, आणि हे सगळं एकाच झाडाचं म्हणून त्यांनी एकत्र मांडलं. त्याच्या आतल्या रचनेत काही गोष्टी सायकससारख्या, काही सूचिपर्णीसारख्या, म्हणून कुठल्याच ओळखीच्या गटात जबरदस्तीनं न कोंबता नवा गट केला. मला हे सगळ्यात आवडलं. नंतर न्यूझीलंडमध्येही याचे नातेवाईक सापडले.

तसंच विल्यमसोनिया सेवर्डियाना हे दुसरं जीवाश्म झाड, 1932. त्यातही खोड बकलँडिया, पान टिलोफायलम, फूल विल्यमसोनिया अशी तीन नावं होती, त्यांनी तुकडे जुळवून आख्ख्या झाडाचं चित्र उभं केलं. आमच्या पुस्तकात ते चित्र आहे पण खाली साहनींचं नाव नाही!

चिकित्सक_अकोला

माहिती चांगली आहे पण थोडं दुसऱ्या बाजूनंही बोलू. साहनींनी 1934 मध्ये करंट सायन्स या नियतकालिकात लिहिलं होतं की दख्खनचा लाव्हा क्रेटेशस (डायनोसॉरांचा शेवटचा काळ) नसून त्यानंतरचा, टर्शियरी काळाच्या सुरुवातीचा आहे. आज किरणोत्सारी पद्धतीनं काढलेलं वय साधारण 6.6 कोटी वर्षं येतं, म्हणजे क्रेटेशस संपतानाच्या उंबरठ्यावर. आणि राजमहालचं होमोझायलॉन नावाचं लाकूड, ज्याला त्यांनी फुलझाडांच्या पूर्वजाजवळ नेलं, ते नंतर सपशेल दुसऱ्याच गटाचं निघालं. मग एवढा उदोउदो कशासाठी? आपल्याकडं मोठ्या माणसाची चूक सांगायची सवयच नाही.

वावरातला_मास्तर

चिकित्सक दादा, दोन्ही मुद्दे खरे आहेत अन् ते या धाग्यावर यायलाच पाहिजे होते. पण ते कसे घडले ते पूर्ण सांगतो.

वयाचं आधी. त्या वेळी आजच्यासारखं भरवशाचं किरणोत्सारी मापन नव्हतं. जीवाश्मांवरूनच वय ठरवायचं होतं. मोहगाव कलांच्या थरात निपा नावाच्या ताडाची फळं मिळाली, साहनी अन् रोडे यांचा 1937 चा पेपर आहे त्यावर. युरोपात निपाची फळं इओसीन (टर्शियरीच्या सुरुवातीकडच्या) थरांतून भरपूर माहीत होती, अझोलासारखी नेचीसुद्धा नव्या काळातली वाटत होती, तेव्हा त्या पुराव्यावर टर्शियरी म्हणणं हा सरळ तर्क होता. अन् लाव्ह्याचे थर क्रेटेशसच्या शेवटापासून सुरू होऊन टर्शियरीत गेलेत, म्हणजे काही थरांपुरतं तर ते बरोबरच होतं. शिवाय निपा आज कुठं उगवतं? सुंदरबनात, अंदमानात, खाडीच्या खाऱ्या चिखलात. ते छिंदवाड्याला सापडतं याचा अर्थ तिथं तेव्हा समुद्राची खाडी जवळ असणार, हे साहनींनी मांडलं. एका फळावरून समुद्राचा किनारा शोधला या माणसानं.

होमोझायलॉनचं तर मला उलट वाटतं. फुलझाडांच्या लाकडात पाणी वाहायला रुंद नळ्या असतात, त्यांना व्हेसल म्हणतात. सागाच्या फळीवर जी बारीक भोकं दिसतात ती हीच. पण ड्रिमिस, ट्रोकोडेंड्रॉन अशी मोजकी फुलझाडं आहेत ज्यांत व्हेसल नाहीत, सगळ्या ट्रॅकिड नावाच्या अरुंद पेशीच. राजमहालच्या लाकडात साहनींना हुबेहूब अशीच रचना दिसली, 1932 मध्ये त्यांनी ती छापली अन् म्हटलं की हे बिनव्हेसलच्या फुलझाडांशी जुळतं. नंतर 1952 मध्ये त्यांच्याच संस्थेतल्या स्यू आणि बोस यांनी आणखी नमुने कापून दाखवलं की हे बेनेटायटेलीस या नामशेष गटाचं, म्हणजे विल्यमसोनियाच्या घरातलं लाकूड आहे. लाकडाचं नाव बदललं अन् नवं नाव काय ठेवलं, तर साहनिओझायलॉन. ज्या कापावरून त्यांनी निष्कर्ष काढला तो काप, ते वर्णन, ती मापं आजही तशीच वापरतात. निष्कर्ष बदलला, निरीक्षण टिकलं. अशा अभ्यासकाचा मी आदर करतो.

चिकित्सक_अकोला

हे पटलं. विशेषतः त्यांच्याच संस्थेतल्यांनी दुरुस्ती केली हा भाग मला माहीत नव्हता.

गोंदियाची_ताई

मास्तर तुम्ही लिथ्रेसी लिहिलं म्हणून सांगते, आमच्या इकडच्या तलावांतला शिंगाडाही आता त्याच कुळात धरतात, आधी वेगळं कूळ होतं. डाळिंबही. म्हणजे आमचे ढीवर भाऊ तलावात डोंग्यात बसून जे काढतात आणि आर्वीकडचे लोक बागेत जे लावतात ते एका घरातले!

आणि अझोला! आम्ही बचत गटात गाईंसाठी अझोल्याचे टाके केलेत, धानाच्या बांधीतही सोडतो, नत्र मिळतं त्यातून. हा अझोला त्या काळी पण होता का? नीट सांगा, मला गटातल्या बायांना सांगायचं आहे.

रामटेकची_पोर

ताई हो, तोच वंश. अझोला इंटरट्रॅपिया असं नाव आहे, साहनी आणि राव यांनी सौंसरकडच्या चर्टमधून 1934 मध्ये जाहीर केला. गंमत म्हणजे आख्खं झाड नाही, त्याचे बीजाणू मिळाले. अझोल्यात दोन तऱ्हेचे बीजाणू असतात, मोठे मादी आणि लहान नर, आणि नर बीजाणूंचे पुंजके करून ते पाण्यावर तरंगतात, पुंजक्यावर बारीक आकड्यासारखे केस असतात ते मादी बीजाणूला जाऊन अडकतात. हे आकडेसुद्धा दगडात टिकून आहेत. म्हणजे तुमच्या टाक्यात आज जे चाललंय ते लाव्हाच्या काळातल्या तळ्यात चाललं होतं. नत्र बांधणारं निळंहिरवं शेवाळ मात्र अझोल्याच्या पानातल्या पोकळीत राहतं, तेच खरं तुमच्या धानाला खाऊ घालतं.

गोंदियाची_ताई

वा! उद्याच्या बैठकीत हेच सांगते. पोरी तू शिकवायलाच लाग.

खाणवाला_वणी

मी खाणीत सुपरवायझर आहे. कोळशाच्या वरच्या शेलमध्ये, म्हणजे पापुद्र्याच्या दगडात, आम्हाले जिभेसारखी पानं दिसते, मधात शीर अन् बाजूनं जाळी. साहेब लोक ग्लॉसोप्टेरिस म्हणते. साहनींनी याच्यावर काही केलं का? हे त लाव्ह्याच्याबी आधीचं आहे नं?

वावरातला_मास्तर

हो भाऊ, लय आधीचं. तुमचा वणीचा, उमरेडचा, चंद्रपूरचा कोळसा पर्मियन काळातला, पंचवीस-तीस कोटी वर्षं. कोळसा ज्या झाडांपासून झाला त्यात ग्लॉसोप्टेरिस मुख्य. सेवर्ड अन् साहनींनी मिळून 1920 मध्ये भारतातल्या गोंडवन वनस्पतींची फेरतपासणी छापली, पुढे 1928 अन् 1931 मध्ये साहनींनी एकट्यानं सूचिपर्णी गटावर दोन भाग लिहिले.

पण तुम्हाला आवडेल ते वेगळंच. वेगनर या शास्त्रज्ञानं खंडं सरकतात असं म्हटलं तेव्हा बरेच भूगर्भतज्ज्ञ मानत नव्हते. साहनींनी 1936 मध्ये झाडांच्या बाजूनं पुरावा मांडला. भारतात ग्लॉसोप्टेरिसची झाडं अन् तिकडं चीनकडं जायगँटोप्टेरिसची, दोन्ही एकाच काळातली पण एकमेकांपासून पार निराळी. आज नकाशावर दोन्ही जवळजवळ आहेत. एवढ्या जवळ राहून एवढी निराळी झाडं कशी? म्हणजे तेव्हा ती जवळ नव्हतीच, मधे मोठा समुद्र होता अन् जमिनी नंतर सरकून भेटल्या. प्लेट टेक्टॉनिक्स सर्वमान्य व्हायला त्यानंतर तीसेक वर्षं लागली.

ती शेल हवेत ठेवली की पापुद्रे सुटतात, एक-दोन चांगली पानं असतील तर लगेच मोबाईलवर मोजपट्टी ठेवून फोटो काढून ठेवा.

पिसदुऱ्याकडचा

वरोऱ्याकडून रामराम. साहनींचं बोलून रायले अन् पिसदुरा आलाच नाई अजून? आमच्या पिसदुऱ्यात डायनोसॉरचं शेण भेटते, दगड झालेलं, हिस्लॉपच्या काळापासून लोक पाहून रायले. 2005 मध्ये सायन्स मासिकात पेपर आला, वंदना प्रसाद या साहनींच्याच लखनौच्या संस्थेतल्या, संग अशोक साहनी, ते बिरबल साहनींचे पुतणे. त्या शेणात गवताचे फायटोलिथ भेटले. गवताच्या पेशीत सिलिका साचते अन् तिचा छोटासा दगडी ठसा बनते, पान सडलं तरी ठसा राहते. तोवर लोक म्हणत की डायनोसॉर होते तेव्हा गवत नव्हतंच. त्या ठशाईवरून निघालं का गवतं त होतीच, वेगवेगळ्या गटातली होती, धानाच्या नात्यातलीबी. मास्तर, तुमच्या धाग्याचा मुद्दा हाच नं, आतली रचना पाहा म्हणून?

वावरातला_मास्तर

अगदी हाच. फायटोलिथ डंबेलसारखा, खोगिरासारखा, वेगवेगळ्या आकाराचा असतो अन् आकारावरून गवताचा गट कळतो. बिरबल साहनींची पद्धत पुढच्या पिढीनं एका पेशीपर्यंत नेली.

सेवानिवृत्त_काटोल

मी नागपूरला बी.एस्सी. केलं त्या काळची गोष्ट सांगतो, कारण साहनींवर बोलताना नागपूर विसरून चालणार नाही. कॉलेज ऑफ सायन्सचे व्ही. बी. शुक्ला यांनी 1944 मध्ये मोहगाव कलांच्या दगडातून एक आख्खं अश्मीभूत फूल वर्णन केलं, त्याला साहनिअँथस पारिजाय नाव दिलं. फूल दगडात टिकणं किती दुर्मिळ, पाकळ्या सगळ्यात आधी सडतात. अभ्यासातून दिसलं की हे फूल आणि साहनींचं एनिग्मोकार्पॉन फळ एकाच झाडाचं.

पुढं नागपूरच्याच इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये डॉ. श्या चितळे होत्या. त्यांनी मोहगावच्या फळांवर, बियांवर, नेच्यांवर वर्षानुवर्षं काम केलं, विद्यार्थी घडवले. मग त्या अमेरिकेत गेल्या, क्लीव्हलँडच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये पुरावनस्पती विभाग सांभाळला, आणि तिथं डेव्होनियन काळातली झाडं अभ्यासली. 1996 मध्ये कॅथलीन पिग यांच्यासोबत क्लीव्हलँडोडेंड्रॉन नावाचं झाड त्यांनी जगासमोर आणलं, सडपातळ, फांद्या नसलेलं, साधारण 36 कोटी वर्षांपूर्वीचं. ज्या बाईनं नागपूरच्या प्रयोगशाळेत दगड घासले तिनं इतक्या जुन्या झाडाला नाव दिलं, आणि आपल्या शाळांत तिचा फोटोसुद्धा नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

रामटेकची_पोर

काका, श्या चितळेंबद्दल आम्हाला एकाही तासाला कोणी सांगितलं नाही. मी सेमिनारचा विषय बदलतेय. तुमच्याकडं आठवणी असतील तर वेगळा धागा काढाच.

धुरेकरी_समुद्रपूर

सगळं वाचलं. मास्तर मले आता एक सांगा, साहनी इतकं करून कसे गेले? अन् माह्या धुऱ्यावरच्या दगडाईचं काय करू?

वावरातला_मास्तर

भाऊ, लखनौला त्यांनी पुरावनस्पतीची स्वतंत्र संस्था काढली. 3 एप्रिल 1949 ला नेहरूंच्या हस्ते तिची कोनशिला बसली, त्या शिलेत साहनींनी स्वतः जीवाश्म बसवले होते. बरोबर एका आठवड्यानं, 10 एप्रिलला, हृदयविकारानं गेले. सत्तावन्न वर्षांचे होते. त्यानंतर त्यांच्या पत्नी सावित्री साहनींनी संस्था उभी केली, नाहीतर सगळं तिथंच थांबलं असतं.

दगडांचं असं करा. अॅसिड, हातोडा, पॉलिश काहीच नको. कोरड्या ब्रशनं माती झाडा. प्रत्येक दगडावर कोपऱ्यात पांढऱ्या रंगानं नंबर टाका अन् वहीत त्या नंबरापुढं गट नंबर, वावराचा कोणता कोपरा, मातीत होता की नाल्याच्या काठात रुतलेला, हे लिहा. नाल्याच्या काठात रुतलेला असेल तर काढूच नका, तो अजून आपल्या थरात आहे. ज्याला आधीच ताजा आडवा तुटका भाग आहे त्याचा उन्हात, दगड ओला करून, जवळून फोटो टाका. नागपूर विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागात दाखवायला एक टिपक्याचा अन् एक रेघांचा एवढे दोनच न्या.

धुरेकरी_समुद्रपूर

हाव. रंगाचा डब्बा हाये घरी, बैलाच्या शिंगाचा उरेल. त्या किलोवाल्याले मी नाई सांगतलं आज. नाल्याच्या काठात एक मोठा खोडासारखा दिसून रायला, माणसाएवढा असन, त्याले हात लावत नाई. फोटो उद्या ऊन निंगलं का टाकतो.

खाणवाला_वणी

मास्तर, पान भेटलं. मोजपट्टी ठेवून फोटो काढला, टाकतो ड्युटी सुटल्यावर. शीर एकदम साफ दिसून रायली.